बापूरावांनी न दिलेलं ‘बराबर’

सटवाजी दारात उभा राहिला तेव्हा मी दाढी करत होतो. सटवाजी म्हणजे वसमतजवळच्या हट्टा गावच्या बापूरावांचा जुना गडी. वसमतला तो फक्त बाजाराच्या दिवशी यायचा आणि त्या दिवशी बाजार नव्हता. त्याच्या खांद्यावर पिशवीही नव्हती. “मास्तर, बापूराव गेले,” तो म्हणाला. काल दुपारी जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. माझ्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता, आणि तोंडातून जे निघालं त्याला मी काय करू... मी म्हणालो, “म्हणजे तुझं म्हणणं असं, की बापूराव आता नाहीत.” सटवाजीनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, मान हलवली आणि म्हणाला, “बराबर.” आमच्या घरच्यांना वाटलं, धक्क्यानं मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. पण सटवाजीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तोही इतकी वर्षं बापूरावांच्या ओसरीवरच वावरला होता, आणि त्या ओसरीवर बोलायची रीतच तशी होती.

ती रीत कशी पडली ते सांगितल्याशिवाय बापूराव कळायचे नाहीत. परभणीला शिकायला असताना त्यांनी कुठल्याशा विद्वान मंडळींची तत्त्वज्ञानाची सभा ऐकली होती. तिथून परत येऊन त्यांनी शेती हातात घेतली, ज्वारी-कापूस बराच बरा पिकवला, पण ती सभा काही डोक्यातून गेली नाही. परभणीत आत्म्याचा विचार होतो आणि हट्ट्यात का होऊ नये, असा त्यांचा सवाल होता. मी तेव्हा हट्ट्याच्या शाळेत उर्दू शिकवत होतो. एक दिवस ते शाळेतच आले आणि म्हणाले, आपण तत्त्वचर्चा मंडळ काढलंय. ‘आपण’ म्हणजे ते आणि मी, हे मला तिथं कळलं. वार गुरुवार ठरला, कारण निजामाच्या राज्यात शुक्रवारी सुटी. गुरुवारी संध्याकाळी कितीही डोकं तापलं तरी दुसऱ्या दिवशी ते थंड करायला वेळ मिळेल, असा त्यांनी दूरवरचा विचार केला होता.

पहिल्या सभेला विषय होता, मेल्यावर माणसाचं काही उरतं का. गावातले कीर्तनकार माधवबुवा ‘उरतं’ म्हणाले, किराणा दुकानदार शंकरशेट ‘न्हाई’ म्हणाले. घटकाभरात बुवांनी शेटना चिपळी फेकून मारली आणि शेटनी बुवांच्या सात पिढ्यांचा, म्हणजे मेल्यावर काही न उरलेल्या लोकांचा, उद्धार केला. मंडळ पहिल्याच दिवशी आटोपणार असं दिसत होतं. तेव्हा बापूरावांनी तो नियम काढला. कुणालाही कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते म्हणणं आपल्या तोंडानं नीट सांगायचं. समोरचा ‘बराबर’ म्हणेपर्यंत सांगायचं. तो ‘बराबर’ म्हणाला की मगच खोडायचं. जुन्या शास्त्री लोकांत अशी काहीतरी चाल होती म्हणे, पण शास्त्री लोक मुद्द्यावर येत असावेत. आमच्याकडे पुढचे कित्येक महिने बुवा शेटचं म्हणणं सांगत होते आणि शेट मान हलवत “अजून न्हाई बसलं” म्हणत होते. भांडण मात्र पुन्हा कधी झालं नाही. दुसऱ्याचं म्हणणं सांगता सांगता माणूस इतका दमतो, की मारायला हात उचलत नाही.

ही खोड मंडळापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. ती गावभर पसरली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे हद्दीवरून, भांडणारे भाऊ एकमेकांचं म्हणणं सांगत बांधावर बसायला लागले आणि पेरणी लांबायला लागली. सगळ्यात जास्त तकलीफ झाली ती बापूरावांच्या घरात. सीतावहिनी म्हणायच्या, घरात तुरीची डाळ नाही. बापूराव हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर बसायचे आणि सांगायचे, “म्हणजे तुझं म्हणणं असं, की डाळ संपलेली आहे, ती संपेल हे तू मला आधीच सांगितलं होतं, आणि माझं घरात लक्ष नाही.” वहिनी म्हणायच्या, “बराबर.” बापूरावांचा चेहरा खुलायचा. बायकोचं म्हणणं आपल्याला पूर्ण समजलं या समाधानात ते उठून शेतात जायचे. संध्याकाळी वहिनी ओसरीच्या दारामागून मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणायच्या, “समजलं तर समदं हाय यांना. पन मी शिजवू काय, समजलेलं?”

मंडळाची कीर्ती वसमतच्या पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबापर्यंत गेली तेव्हा मात्र आमची गाळण उडाली. त्या दिवसांत परवानगीशिवाय चार माणसं जमणं म्हणजे संकट ओढवून घेणं. एका गुरुवारी अमीन दोन जवान घेऊन थेट ओसरीसमोर उतरला आणि मंडळ आत्ताच्या आत्ता बंद करा म्हणाला. आम्ही उठायला लागलो. बापूरावांनी सगळ्यांना खाली बसवलं, अमीनसाहेबाला घोंगडीवर बसवलं, आणि नम्रपणे म्हणाले की आम्हाला तुमचं म्हणणं खोडायचं आहे, तेव्हा नियमाप्रमाणे आधी ते मांडतो. आणि मांडलं. काय मांडलं म्हणून सांगू. चार माणसं रोजच्या कामाचं बोलायला जमली तर हरकत नाही, पण प्रश्न घेऊन जमली की तो प्रश्न घरी जातो. आज आत्म्यावर शंका घेणारा माणूस उद्या तहसीलदारावर घेईल, कारण आत्म्यापेक्षा तहसीलदार पुष्कळ वेळा दिसतो. ज्याच्या डोक्यात प्रश्न शिरला त्याचा हात सलाम करताना थोडा उशिरा वर जातो, आणि राज्य चालतं ते वेळेवर वर जाणाऱ्या हातांवर. अमीन डोळे विस्फारून ऐकत होता. आपल्या हुकुमामागं एवढं काही आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. बापूराव थांबले तेव्हा तो भारावून म्हणाला, “बराबर. बिल्कुल बराबर.”

आता खोडायचं. आम्ही सगळे बापूरावांकडे बघून राहिलो. ते उभे राहिले, पाणी प्यायले, पुन्हा खाली बसले... आणि म्हणाले, “साहेब, मला खोडता येत न्हाई.” मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला, माधवबुवांनी खोकून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. उलट शंकरशेटच म्हणाले की इतका वेळ ऐकून त्यांनाही हे मंडळ धोक्याचं वाटू लागलंय. मंडळानं एकमतानं मंडळ बंद केलं. जगात अशी सभा दुसरी नसेल. अमीन आरडाओरड करायच्या तयारीनं आला होता. तो जवानांना घेऊन गेला तेव्हा जरा नाराजच दिसला. मी बापूरावांवर इतका संतापलो होतो की निरोप न घेता घरी आलो.

पुढच्या गुरुवारी मी सवयीनं गेलो, तर ओसरीसमोर अमीनाचा घोडा. अमीन एकटाच, साध्या कपड्यांत. मंडळ बंद आहे ना, त्यानं विचारलं. बंद आहे, बापूराव म्हणाले. तरी तो जाईना. शेवटी म्हणाला, “मेरी बात तुम मेरे से अच्छी बोले. अब उसका जवाब कौन देता?” हप्ताभर त्याला त्याच्याच हुकुमावर काहीतरी उत्तर असेल असं वाटत राहिलं होतं आणि ते सापडत नव्हतं. बापूराव म्हणाले, उत्तर आता सुचलंय, पण मंडळ बंद असल्यामुळे देता येत नाही. अमीन बराच वेळ मिशी ओढत बसला. मग त्यानं परवानगी दिली... जवाब पूरा होईपर्यंत. बापूरावांनी तिथल्या तिथं उत्तर सुरू केलं. आधी सभा म्हणजे काय, मग माणूस म्हणजे काय, मग चार म्हणजे काय. अमीनाची बदली झाली तेव्हा उत्तर जेमतेम ‘चार’पर्यंत आलं होतं. निरोप घ्यायला आला तेव्हा बिचारा म्हणाला, “मेरा जवाब बाकी रह गया, बापूराव.” बापूराव म्हणाले, “म्हणून तर तुमी येत राहिलात, साहेब.” मी ते ऐकलं आणि हसलो. नीट ऐकायला हवं होतं.

कारण माझंही एक उत्तर बाकी होतं. मेल्यावर काही उरतं की नाही, या प्रश्नात बापूराव शंकरशेटच्या बाजूचे आणि मी बुवांच्या. बापूरावांना खोडायला माझ्याकडे असा काही बिनतोड मुद्दा होता, की तो मांडल्यावर त्यांना गप्पच बसावं लागलं असतं. पण नियम आडवा यायचा. माझी वसमतच्या शाळेत बदली झाली, तरी दर गुरुवारी शाळा सुटली की मी सायकल काढायचो, चिखलातून, उन्हातून हट्ट्याला जायचो आणि त्यांचं म्हणणं त्यांच्यासमोर मांडायचो. कधी सोपं करून, कधी उर्दू शब्द घालून. ते पान जुळवत मन लावून ऐकायचे. मग मान तिरकी करून म्हणायचे, “जवळ आलात, मास्तर. पन अजून न्हाई.” बुवांना त्यांनी ‘बराबर’ दिलं, शेटना दिलं, निजामाच्या अमीनाला दिलं असतं. मला नाही. मी वैतागून घरी यायचो आणि आठवडाभर नवी मांडणी करायचो.

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं, लुटालूट-जाळपोळीचं वाईट वर्ष आलं. कितीक घरं वऱ्हाडात निघून गेली, मी माझी माणसं वाशीमला नेऊन ठेवली, हट्ट्याला जाणं थांबलं. बापूराव कुठं गेले नाहीत. गुरुवारी घोंगडी अंथरून एकटेच बसायचे आणि दोन्ही बाजू स्वतःच मांडायचे. वहिनी सांगत होत्या, “एकटेच भांडून राहिले व्हते, आन् त्यातबी हरायचे.” निजामाचं राज्य गेल्यावर मी परत आलो, पहिल्या गुरुवारी धावतच गेलो. मला पाहून ते इतके खूश झाले की स्वतःसाठी जुळवलेलं पान त्यांनी माझ्याच हातावर ठेवलं. मग म्हणाले, आता परवानगी लागत नाही, तेव्हा मंडळाची पंचाईत आहे, लोक कशाला येतील? मी पुन्हा त्यांचं म्हणणं मांडलं. “जवळ आलात,” ते म्हणाले. तीच आमची शेवटची भेट. पुढच्या गुरुवारच्या आतच सटवाजी माझ्या दारात आला.

दिवस झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मी हट्ट्याला गेलो. ओसरीवर घोंगडी अंथरलेली होती. तिच्या एका टोकाला, ते बसायचे तिथं, पाण्यानं भरलेला पितळेचा गडवा होता. दारामागं बसायच्या त्या वहिनी आज दारात बसल्या होत्या. मी म्हणालो की वहिनी, मला एवढंच लागून राहिलंय... त्यांचं म्हणणं मला शेवटपर्यंत नीट समजलं नाही.

वहिनी उंबरठ्यावरून जरा पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, “तुमचं पहिल्याच साली बराबर झालं व्हतं, मास्तर. मला घरात म्हनले व्हते. म्या इचारलं, मग सांगत काहून न्हाई? तर म्हनले, मास्तर खोडून मोकळा व्हईल. मग गुरुवारी काहून येईल?”

सायकलवर झिजवलेले ते सगळे गुरुवार माझ्या डोळ्यांसमोर आले. मला राग आला, हसू आलं, आणि मग मी म्हातारा माणूस त्या ओसरीवर पोरासारखा रडलो. वहिनींनी मला रडू दिलं. नंतर पदर सावरून त्या म्हणाल्या, “आता त्यांच्या वतीनं मी म्हनते, बराबर. खोडा.”

मुद्दा तयार होता. इतकी वर्षं तयार होता. मी घोंगडीकडे पाहिलं, त्या भरलेल्या गडव्याकडे पाहिलं आणि म्हणालो, “आज नको, वहिनी. पुढच्या गुरुवारी.”

“या मग,” वहिनी म्हणाल्या. “आन् येताना तुरीची डाळ आना. घरात न्हाई.”

मी सायकलीला हात घातला होता, तो काढला. त्यांच्यासमोर येऊन उभा राहिलो. “म्हणजे तुमचं म्हणणं असं, की डाळ संपलेली आहे...”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. पदराआडूनच त्या म्हणाल्या, “बराबर.”

डाळ मी घेऊन ठेवली आहे. उद्या गुरुवार आहे.