रेकॉर्डरचं झबलं

गरम प्लॅस्टिकचा वास आला की आमचा टीव्हीचा रेकॉर्डर आठवून आजही डोकं फिरतं. जमीन वाचवण्याच्या मोर्चात आत्या बोलली, बातम्यांत दिसली, ते आम्ही रेकॉर्ड केलं. ती तिच्या गावाहून, नेऱ्याहून, मुद्दाम पाहायला आली. पडद्यावर तिने तोंड उघडलं आणि चित्र थिजलं. रेकॉर्डरची पेटी तव्यासारखी तापली होती, कारण आईने तिला क्रोशाचं झबलं घातलं होतं! "अगं, हवेची भोकं बुजलीत!" मी ओरडले. "दारातल्या हायवेची धूळ बसते त्याच्यावर, ती तू पुसतेस का?" आईने विचारलं. झबलं काढलं, पंखा लावला, तरी चित्र हलेना. आत्याच उठली. "यो नाय बोलत त नको बोलू दे. मी हाय ना!" तिने अख्खं भाषण दिलं, बातम्यांनी कापलेलं वाक्यही: "जमीन इकायचीच नाय, त भाव कशाला सांगता?" आता मोर्चासाठी मी लिहिते ते प्रत्येक पत्रक त्याच वाक्याने सुरू होतं.