दिवाळीआधी वसतिगृहे

राज्याच्या अर्थसंकल्पावरच्या प्रतिक्रिया आमच्या दैनिकाच्या नगरच्या कार्यालयात भाषण संपायच्या आतच लिहून तयार असायच्या. सत्ताधाऱ्यांची 'सर्वसमावेशक', विरोधकांची 'निराशाजनक'. दोन्ही मीच लिहायचो आणि ज्याची त्याला फोनवर वाचून दाखवायचो. एकदा विरोधी पक्षाचा तालुकाध्यक्ष म्हणाला, "ही गेल्या सालचीच वाटती राव." मी म्हणालो, "तुम्ही तरी गेल्या सालचेच आहात की." तो हसला आणि होकार देऊन मोकळा झाला.

त्या वर्षीच्या भाषणात एक वाक्य होतं: ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे सुरू करणार. पाथर्डीकडच्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला घरंच्या घरं तोडीला जातात. मुलं बरोबर गेली की शाळा सुटते. तिथल्या सत्ताधारी आमदारांना फोन केला. ते म्हणाले, "आपल्याच तालुक्यापासून सुरुवात. दिवाळीआधी." मी मथळा केला, 'दिवाळीआधी वसतिगृहे'. या कामाला पैसे किती ठेवले आहेत, हे पाहिलं नाही. अर्थसंकल्पाची पुस्तकं त्याच संध्याकाळी संगणकावर उघडता येत होती.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात दुसऱ्याच बातमीसाठी त्या भागातल्या एका शाळेत गेलो. वसतिगृहांची ती बातमी माझी होती हे मुख्याध्यापिकांना माहीत होतं. त्यांनी ती वर्गात मोठ्याने वाचली होती, पालकसभेतही वाचली होती. एका जोडप्याने त्या भरवशावर नववीतल्या मुलीला चुलतीकडे ठेवलं. वसतिगृह उघडेपर्यंत, पंधरा दिवसांसाठी. वसतिगृह उघडलंच नाही. दोन महिन्यांनी चुलतीने आता ठेवून घेणं जमत नाही असा निरोप धाडला, वडील येऊन मुलीला उसाच्या फडावर घेऊन गेले. वार्षिक परीक्षेला ती नव्हती. यंदा पुन्हा नववीत बसली होती.

घरी येऊन मी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडलं. वसतिगृहांच्या नावापुढे नाममात्र रक्कम होती. योजना कागदावर जिवंत राहावी म्हणून ठेवतात तेवढी. ती ओळ शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी त्या मुलीच्या घरी गेलो. आई कोयत्याला नवा दांडा बसवत होती. मी कोण ते सांगितलं. माफी मागायचं ठरवून गेलो होतो. तिने ते पुरतं बोलू दिलं नाही.

"त्ये ऱ्हाऊ द्या, दादा. यंदाचं सांगा. पोरीला ठिवू का नेऊ? सोमवारी गाडी येनार हाय."

अंगणात जाऊन तीन फोन केले. तालुक्याच्या कार्यालयातला अधिकारी म्हणाला, प्रस्ताव वर गेला आहे. आमदार म्हणाले, शंभर टक्के. तालुकाध्यक्ष म्हणाला, "सगळी थाप हाय. छापा माझ्या नावानं." चौथा फोन कोणाला करायचा ते सुचलं नाही. घोषणेला खरोखर किती पैसे लागतील आणि ते ठेवले आहेत का, हे सरकारच्या आणि विरोधकांच्या दोघांच्याही हाताखाली नसलेली माणसं मोजतील, असं कार्यालय संसदेला हवं आणि विधिमंडळालाही हवं, असं मी त्यानंतर दोनदा लिहिलं. त्यावर वाद आहेत. अशा कार्यालयावर माणसं कोण नेमणार, इथूनच भांडण सुरू होईल. निवडून आलेल्यांच्या डोक्यावर आणखी एक साहेब कशाला, असंही म्हणतात. मला ते तरीही हवं वाटतं. पण ते लेख लिहिताना मला बरं वाटलं होतं, आणि त्याचीच आता लाज वाटते. जणू कार्यालय नव्हतं म्हणून चूक झाली. मी तर छापलेलं पानही उघडलं नव्हतं.

फोन खिशात टाकून आत आलो. मुलगी दाराशी उभी होती. आई माझ्याकडे बघत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "वसतिगृह उघडेल असं आज कोणीच खात्रीने सांगू शकत नाही."

"तवा तर छापलं हुतं."

"तेव्हाही माहीत नव्हतं."

तिने कोयता खाली ठेवला. मग मुलीला म्हणाली, "बाईंना सांगून ये, सोमवारपासनं न्हाई यायची म्हून." मुलीने चप्पल घातली आणि शाळेच्या वाटेला लागली. मलाही त्याच वाटेने परतायचं होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत मी अंगणातच थांबलो.