बाण सुटल्यावर बसायचं असतं

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, की आता गोष्टीपेक्षा ती टाळायच्या तऱ्हाच मला जास्त पाठ आहेत. कुणी शिकारीचा विषय काढला की मी चहा ठेवायला उठतो. कुणी माझ्या त्या जुन्या मित्राचं नाव काढलं की मला औषधाची आठवण होते. मुलगा म्हणतो, बाबा, जरा एका जागी बसा. बसवत नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना मी दोनदा बाल्कनीत जाऊन आलो. खाली शाळेच्या बस उभ्या आहेत. दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या या गल्लीत त्या रोज अशाच वाट अडवतात, आणि मी रोज त्यांच्याकडे काहीतरी पहिल्यांदा पाहिल्यासारखा बघत राहतो.

लिहायला बसलो ते गेल्या महिन्यातल्या एका जेवणामुळे. त्याची धाकटी मुलगी आता लग्न होऊन परत दोह्यात आली आहे, अबू हमूरला राहते. तिने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. तिची छोटी मुलगी गरम खिमा निवायची वाट न बघता तोंडात घालत होती आणि जीभ भाजून घेत होती. धाकटी हसून म्हणाली, "आजोबांवर गेलीये. अब्बांना धीर कधी नव्हताच. एका हरणामागे धावले आणि आमचं दोहा गेलं."

सगळे हसले. मीही हसलो. हसलो, आणि आणखी एक चपाती मागून घेतली.

तो माणूस आमच्या कंपनीत ट्रान्सपोर्ट बघायचा, मी अकाउंट्स. तो रायगडातला, श्रीवर्धनकडचा, बापआजे जहाजावर गेलेले. मी सांगलीकडचा. तो मला घाट्या म्हणायचा, मी त्याला खलाशी. बोलायला बसला की थांबायचा नाही, आणि त्या बोलण्यात निम्मी बढाई असायची. दोह्यातला कुठलाही रस्ता आपणच आखून दिला आहे, असा त्याचा सूर. चाळिशी उलटल्यावर त्याला तिरंदाजीचा नाद लागला. क्लबात जाऊन शिकला आणि मग मलाही ओढून नेऊ लागला. शुक्रवारी नमाज आटोपला की खाली येऊन हॉर्न वाजवायचा. बाण स्वतः तयार करायचा, पिसं स्वतः चिकटवायचा, दोन हिरवी आणि एक पांढरं. माझ्या भात्यातले बाणही त्याच्याच हातचे. माझा नेम चुकला की म्हणायचा, "भाकरी थापायचा हात आहे तुझा. सोडताना पण थापतोस."

तो साठीला आला तेव्हा कंपनीने त्याला सांगून टाकलं की आता व्हिसा वाढणार नाही. थोरल्या मुलीचं लग्न झालेलं होतं. धाकटी नुकतीच अकरावीत गेली होती. तिची शाळा पुरी होईपर्यंत राहायला मिळावं, एवढंच त्याचं मागणं होतं. त्यापुढे तो काही मागत नव्हता. मला म्हणाला होता, "पोरगी बारावी झाली की मी स्वतः दिवा मालवून जातो."

आमच्या अरबाबाचा, म्हणजे कंपनीच्या मालकाचा, उत्तरेला अल खोरच्या पुढे मजरा होता, म्हणजे शेतवाडी. खजुराची झाडं, गवताचे हिरवे पट्टे आणि उंच जाळीच्या कुंपणात हरणं. अमेरिकेतून विमानाने आणलेली, पांढऱ्या शेपटीची. घाबरली की शेपटी उभी करायची, आणि सगळा कळप एकदम पांढरा चमकायचा. त्यात एक म्हातारा नर होता. थंडीची चाहूल लागली, माजावर आला, की तो दुसऱ्या नरांना शिंगांनी भोसकायचा. त्याला काढायचं ठरलं होतं. बंदूक नको, कारण आवाजाने कळप बिथरून जाळीवर जाऊन आपटेल. हे कळताच माझा खलाशी अरबाबाच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, जाऊन बसला. कॉफीचे पेले मांडून त्याने दाखवलं, हे हरीण, हे आपण, इथून बाण सुटला. आणि मग त्याने पेल्यावरचा हात काढून घेतला, मांडीवर ठेवला आणि गप्प बसला. अरबाबाने विचारलं, पुढे काय? तो म्हणाला, पुढे काही नाही. बाण सुटला की बसायचं. मागे धावलं की हरीण मरेस्तोवर पळतं, आणि त्याच्यासोबत कळपही पळतो.

अरबाबाला ते फार आवडलं. काम नीट झालं तर हरणं तूच सांभाळ, व्हिसा मजऱ्याचा लावू, असं त्याने सांगितलं. परवानग्या त्यानेच काढल्या. शिकारीच्या रात्री पाहुण्यांना तेच मांस वाढायचं होतं. म्हणून बाण फक्त खलाशानेच सोडायचा, तोंडाने बिस्मिल्ला म्हणत, म्हणजे मांस हलाल. मी बरोबर जायचं ते ऐन वेळी दोरी तुटली तर दुसरं धनुष्य हातात असावं म्हणून, आणि अरबाबाचा माझ्यावर जुना विश्वास होता म्हणूनही.

त्याने एशियन टाउनमधून दोघांसाठी एकसारखे मातकट शर्ट आणले. आदल्या दिवसापासून साबण, अत्तर, डोक्याला तेल, सगळं बंद. माझी बायको म्हणाली, हरीण मरेल का नाही माहीत नाही, मी मात्र या वासाने मरेन.

असरच्या नमाजाच्या सुमाराला, दुपार कलताना, आम्ही झावळ्यांच्या आडोशात जाऊन बसलो. हवेतली आग गेली होती. तो बसला तो दगडासारखा. इतका बडबड्या माणूस, पण त्या आडोशात त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मला मात्र कुठे खाजत होतं, कुठे मुंग्या येत होत्या. मी पाय बदलला की तो डोळ्यांनी दटावायचा. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो नर आला, माझ्या बाजूने. खलाशाच्या फटीतून तो दिसत नव्हता. मी खूण केली. त्याने तळहात खाली दाबला. फिरून समोर येऊ दे, थांब.

मी दोरी ओढली होती. कशाला ओढली, ते विचारू नका. ओढलेली दोरी बाण न सोडता परत सैल करायला त्याने मला शिकवलं होतं, आणि मला ते कधी नीट जमलं नव्हतं. हात भरून आला होता, आणि बाण सुटला. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की हात थकला म्हणून बाण सुटला. तसं नाही. मला तो सोडायचा होता. एकदा तरी माझा बाण लागावा आणि त्याने बघावं, असं मला वाटत होतं.

बाण मागे लागला, पोटात. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज आला. हरणाने शेपटी उभी केली नाही, खाली दाबून धरली. थोडं पळालं, बोरीच्या झाडांपाशी थांबलं आणि पाठीत वाकून उभं राहिलं.

खलाशी रागावला नाही. कानाशी लागून एवढंच म्हणाला, "पोटात गेलाय. बस आता. ते लांब जायचं नाही, तिथेच सावलीला बसेल. जीव राहतो त्यात. दमलं की मी जातो आणि सुरी फिरवतो. काही बिघडलं नाही अजून." आणि त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मला ते पटायला हवं होतं. पण डोक्यात एकच घुमत होतं. बाण माझा. त्यावर कुणी अल्लाचं नाव घेतलेलं नाही. सुरी फिरायच्या आत ते मेलं तर मांस हराम, रात्रीचं जेवण गेलं आणि त्याचा व्हिसा गेला. आत्ताच्या आत्ता ते गाठलं पाहिजे. त्याचा हात झटकून मी उठलो आणि धावलो.

सुरी त्याच्या कमरेला होती. मी रिकाम्या हातांनी धावलो.

मला बघताच हरीण उठलं. त्याच्या मागे झाडीतून सगळा कळप उठला. पांढऱ्या शेपट्या इकडून तिकडे नुसत्या उडत होत्या. मी ओरडत होतो, थांब म्हणून, मराठीत. दोन माद्या जाळीवर आदळून रक्तबंबाळ झाल्या. नर कोपऱ्यातल्या लोखंडी खांबावर गेला आणि तिथेच पडला, मान मोडून. खलाशी मागून चालत आला, धावला नाही. वाकून त्याने हरणाच्या डोळ्याला हळूच बोट लावलं. पापणी हलली नाही. म्यानातून अर्धी काढलेली सुरी त्याने परत आत सारली.

मजऱ्याच्या सुदानी राखणदाराने लांबून एक माणूस धावताना पाहिला होता. कोण ते त्याला सांगता येईना, शर्ट एकसारखे. बाणाला हिरवी-पांढरी पिसं. अरबाब आला, जखमी माद्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग खलाशाला काही न विचारता माझ्याकडे वळला. त्या सगळ्यांत खरं सांगेल असा माणूस त्याच्या मते मीच होतो.

"तुम बोलो," तो म्हणाला. "ये बैठा था, या भागा?"

मी म्हणालो, "भागा."

अरबाबाने हात झटकला. "खलास," म्हणाला आणि गाडीकडे निघून गेला.

 मी खरं काय ते बोलावं म्हणून खलाशी थांबला होता. माझ्याकडे बघत होता, ते मला दिसत होतं. मी बुटांची वाळू झाडत होतो. नंतर बोलायची वेळच निघून गेली. मी काही नोकरी जाईल म्हणून घाबरलो नव्हतो. माझी नोकरी पक्की होती. अरबाबाच्या नजरेतून उतरायचं नाही, एवढ्यासाठी मी ते बोललो. ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

परतीच्या रस्त्यावर गाडी तो चालवत होता. अल खोर मागे पडलं. मग मी म्हणालो, तुझ्यासाठीच धावलो रे, हलाल व्हावं म्हणून.

"ते कळलं मला," तो म्हणाला. "दोष अंगावर घे म्हणून सांगितलं असतंत, तर घेतलं असतं मी. विचारलं नाहीत."

तीस वर्षं अरे-तुरे करणारा माणूस. त्या दिवसानंतर मी त्याच्यासाठी कायमचा 'तुम्ही' झालो. घाट्या पुन्हा कधी म्हणाला नाही.

धाकटीची अकरावी अर्धी राहिली. श्रीवर्धनच्या कॉलेजात नाव घातलं, तिथे तिला मराठी धड लिहिता येईना. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. भाभींनी माझ्या बायकोला मिठी मारली. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, तब्येतीला जपा.

काही वर्षांनी मी त्याच्या गावी गेलो. खास त्यासाठीच गेलो. एसटीत पूर्ण वाटभर वाक्य जुळवत होतो. तो पडवीत बसला होता, वाळलेला, हृदय कमजोर झालेलं. समोर सुपारीची वाडी. भाभींनी तांदळाची सांदणं केली होती. त्याने माझ्या औषधांची चौकशी केली, मुलाची केली, अरबाबाचीसुद्धा केली. भिंतीवर धनुष्य टांगलेलं होतं, दोरी उतरवून ठेवलेली. मी धनुष्याकडे बघतोय हे त्याला दिसलं. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, सांदणं झकास झालीत. भाभी आणखी आणायला आत गेल्या. आम्ही दोघंच उरलो. मी उठलो आणि वाडी बघायला जातो म्हणालो.

सुपारीच्या झाडांमधून मी उगाच फिरत राहिलो. वळून पाहिलं तर तो पडवीत तसाच बसलेला, त्या झावळ्यांच्या आडोशात बसला होता तसा. वाट बघत असावा. परत येईपर्यंत त्याचा डोळा लागला होता. शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणून मी त्याला न उठवता निघालो.

तो गेल्याचं धाकटीनेच फोन करून कळवलं.

आता हे तिला द्यायचं आहे. बोलायला ती मराठी सफाईने बोलते, पण एवढं मोठं वाचेल असं वाटत नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल. म्हणजे तिच्यासमोर, तिच्या लेकीसमोर, शेवटच्या ओळीपर्यंत एका जागी बसावं लागेल. तिच्या बापाला धीर नव्हता असं तिने पोरीला पुन्हा सांगू नये, यापलीकडे मला तिच्याकडून काही नको. माफी तिने द्यायची नाही. ती ज्याच्याकडे मागायची होती त्याच्याजवळ मी पडवीत एक दुपार बसलो होतो, आणि एसटीत जुळवलेली वाक्यं मी तशीच परत घेऊन आलो. ती अजून पाठ आहेत.

खलाशा, त्या दिवशी तू बसून होतास. धावलो मी. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि तू माझ्याकडे बघत होतास तेही मला दिसत होतं. माझं चुकलं रे. मला माफ कर.