जाईवरची गळती

कडुनिंबाच्या दाट सावलीत ओळीने मांडलेल्या ओल्या कुंड्या, आणि त्यांच्यावर सारखा झरत राहणारा निंबाचा बारीक पांढरा मोहोर... नागपूरचा सरता फाल्गुन म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा हेच येतं. सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या बंगल्याचं फाटक सताड उघडं असायचं, आतली मुरमाची तांबडी वाट नुकतीच पाणी शिंपडून बसवलेली असायची, आणि ओली माती, मुरलेलं शेणखत, चुरगळलेलं जिरेनियमचं पान असा एक मिश्र वास फाटकापर्यंत सामोरा यायचा. त्या वासात शिरताना मी बाबांचं बोट सोडून देत असे.

उन्हाळ्यात सगळं सरकार पचमढीला जायचं त्या काळातली ही गोष्ट. साहेब लोक, त्यांची कुटुंबं, त्यांच्या फायली, सगळं सातपुड्यावर चढायचं आणि पावसाळा लागला की खाली उतरायचं. ज्यांची बदली झालेली असे किंवा जे कायमचे विलायतेला निघालेले असत, त्यांच्या बंगल्यात, ते जाण्याआधी, झाडांची विक्री लागे. बाबा सचिवालयात कारकून. त्यांचं खातं मागेच राहायचं, म्हणून त्यांच्या वाट्याला पचमढी कधी आली नाही. दारांना लावून भिजवायचे वाळ्याचे ताटे आणि हा झाडांचा बाजार मात्र दर वर्षी आला.

झाड निवडण्याची बाबांची रीत ठरलेली होती. फुललेल्या कुंडीकडे ते बघतसुद्धा नसत. इतर बाबूंच्या बायका पँझीच्या आणि फ्लॉक्सच्या रंगीत कुंड्यांभोवती जमायच्या, टांग्यात मांडीवर घेऊन मिरवत न्यायच्या, आणि चैत्र अर्धा सरायच्या आत त्या कुंड्यांमध्ये काळ्या काड्या उरायच्या. बाबा कुंडी तिरपी करून बुडाचं भोक बघत, तिथून मुळी बाहेर डोकावते का ते तपासत, खोडाला अंगठ्याने हलकेच रेटून बघत. माळी हसून म्हणायचा, "बाबूजी, फूल ऊपर है." बाबा म्हणायचे, "वैशाख में नीचेवालाच काम आता." त्यांचं हिंदी असं होतं, रीत मात्र पक्की होती. मी आजही रोप घेताना आधी कुंडी तिरपी करते, आणि मी आणलेली झाडं सहसा मरत नाहीत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तसं आहे म्हणून सांगते.

त्या वर्षी आमच्याबरोबर आत्या होती.

यमूआत्या, बाबांची धाकटी बहीण. काटोलकडे संत्र्याचे बगीचे असलेल्या घरात दिलेली. दिवाळीच्या सुमारास तिचे यजमान वारले, आणि बाबा जाऊन तिला चार दिवस म्हणून घेऊन आले. चार दिवसांचा हिवाळा झाला. मग तिच्या भासऱ्यांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा, निरोप आला, की पाडवा झाला की येतो, बाईला तयार ठेवा. मोठ्या घरात कामाला हात लागतात, आणि हक्कही त्यांचाच होता. पोरबाळ नसलेल्या बाईने उरलेला जन्म सासरच्या चुलीपुढे काढायचा, हे इतकं ठरलेलं होतं की त्याच्याविषयी आमच्या घरात कुणी वादही घालत नव्हतं. तिने राहावं असं आईला वाटत होतं. पण नणंदेला ठेवून घेण्याची गोष्ट भावाच्याच तोंडून निघाली पाहिजे, असं तिचं म्हणणं. आणि बाबा बोलत नव्हते. आत्याने आपण होऊन मागणं तर शक्यच नव्हतं. मला मात्र ती हवी होती. तिच्या लुगड्याला ओव्याचा वास यायचा आणि ती रात्री माझ्या केसांतून बोटं फिरवायची. त्या वयात एवढं कारण पुष्कळ होतं.

बंगल्यात बाबांनी तिला सांगितलं, "यमे, तुले पाहिजे ते घे."

तिने आधी आईने सांगितलेलं घेतलं. गवती चहाचं एक बेट, माझ्या धाकट्या भावाच्या खोकल्यासाठी, पुदिना, देवाला वाहायला मरवा. सगळं कुंडीतलं. उद्या उचलून कुणालाही देता येईल असं. मी एका लाल-पिवळ्या क्रोटनसाठी हटून बसले होते, तेही बाबांनी मुळी बघून मान्य केलं. टांगेवाला घाई करू लागला आणि आत्या दिसेना.

ती मागे विहिरीपाशी उभी होती. माळ्याने आपल्या हौसेने एका रॉकेलच्या डब्यात जाईची फांदी रुजवली होती. विक्रीच्या ओळीत ती नव्हती. ना फूल, ना कळी, चार हिरव्या काड्या आणि मोजकी पानं. आत्या त्या पानाला हात लावून होती. ते पान सोडत नव्हती, आणि झाड मागतही नव्हती. तिने का मागावं? फूल माळण्याचा तिचा दिवस संपला होता. आणि जाई ही काही उचलून न्यायची वस्तू नव्हे. ती जमिनीत लावायची, तिला आधार द्यायचा, उन्हाळे काढायचे, तेव्हा कुठे ती मांडवावर चढते. पाडव्यानंतर जाणारं माणूस जाई लावत नाही.

बाबा आले. त्यांनी डबा तिरपा केला. बुडाच्या गंजलेल्या भोकातून पांढरी मुळी बाहेर आली होती. "तीन वर्सं लागतीन इले," ते म्हणाले, आणि आणखी काही न बोलता डबा उचलून टांग्यात ठेवला.

आत्याने ती मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीलगत लावली. पाडवा झाला. गुढीच्या गाठी खाऊन झाल्या. ऊन चढत गेलं, दुपारी रस्ते ओस पडू लागले, धूळ पांढरी झाली, आणि त्या धगीत ते रोप रोज दुपारी मान टाकायचं आणि रोज पहाटे ती परत उचलायचं. चैत्री पौर्णिमेला आईने तुळशीवर गळती टांगली. वैशाखस्नानाचा महिनाभर तुळशीवर थेंब थेंब पाणी पडत राहावं, म्हणून बुडाला भोक पाडून, त्यात कापसाची वात घालून मडकं टांगतात, तशी. एकदा लावलेली गळती महिना सरेपर्यंत कोरडी पडू द्यायची नाही, आणि जिने लावली तिने घर सोडायचं नाही, असा आमच्याकडचा नेम. त्याच दुपारी आत्याने तीन बांबू एकत्र बांधले आणि जाईवर दुसरं मडकं टांगलं.

आई दारात येऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, ह्या देवाचं नाव काय वं?"

"अजून बारसं नाही झालं, वैनी," आत्या म्हणाली, आणि दोघी हसल्या. हिवाळ्यापासून मी आत्याला हसताना ऐकलं नव्हतं.

मग भासरे आले. उंच, उन्हाने रापलेले, पांढरा फेटा, हातात आमच्यासाठी संत्र्यांची टोपली. माणूस वाईट नव्हता. ओसरीवर बसून पाणी प्याले, आमच्या अभ्यासाची चौकशी केली, आणि संध्याकाळच्या गाडीची गोष्ट काढली. आत्या माजघराच्या दाराआड उभी. थोरल्या दिरापुढे यायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत. म्हणून मी मध्ये. तिने माझा खांदा धरला होता.

"सांग त्याईले," ती हळू म्हणाली, "माही गळती हाय. वैशाख सरेपर्यंत घर सोडता येत नाही."

मी सांगितलं. ते सगळ्यांनाच ऐकू गेलं होतं, तरी मी सांगितलं.

"बरं हाय," भासरे म्हणाले. "पण गळती कोणीबी भरते. वैनी भरतीन." आणि हात धुवायला ते मागच्या अंगणात गेले.

आत्या मला धरून मागच्या दाराआड सरकली. मला वाटलं, आता ते तुळशीपाशी थांबतील तर बरं. ते थांबले नाहीत. न्हाणीच्या भिंतीपाशी तीन बांबूंखाली ओली वर्तुळाकार माती होती, आणि तिच्या मध्ये ते काडीएवढं रोप. वातीवरून एक थेंब सुटला. दुसरा सुटेपर्यंत ते बघत राहिले.

"हे काय होय गा?" ते बाबांना म्हणाले. "जाईवर गळती? हे कोणतं व्रत?"

माझ्या खांद्यावरचा हात निघून गेला. आई चुलीशी होती, तिचं भांडं वाजायचं थांबलं. बाबा त्यांच्यामागून येऊन मागच्या पडवीच्या खांबापाशी उभे होते. कमी बोलणारा माणूस. आणि खोटं तर कधीच न बोलणारा. ही जाई देवासाठी लावली आहे, असं म्हणून ते सुटू शकले असते.

"व्रत नाही," ते म्हणाले. "झाड जगवून राहिली ते. तीन वर्सं लागतीन त्याले. तोवर यमू इथंच राहते."

"अन् मंग?"

"मंग त्याले फुलं येतीन. ते कोण तोडन?"

भासऱ्यांनी ओले हात उपरण्याला पुसले, फार सावकाश पुसले. मग ते खाली वाकले, दोन बोटांनी माती उकरून बघितली आणि भिंतीला हात लावून पाहिला. "भिंतीले चिकटून काहून लावली?" ते करवादले. "पश्चिमेची भिंत हाय, रातभर तापून राहते. हातभर इकडे घ्या, पाणी पडल्यावर. आता नका हलवू." एवढं बोलून ते जेवायला बसले, पोटभर जेवले, आणि निघताना मला म्हणाले, "तुह्या आत्याले सांग, मृगाच्या बहाराले पाठवतो संत्री." हे सांगताना ते माजघराच्या दाराकडे पाहत होते.

संध्याकाळच्या गाडीने ते एकटेच गेले.

दिवेलागणीला मी मागच्या खोलीत डोकावले. आत्याने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढून काढली होती. दिवाळीपासून तीत घडी करून ठेवलेली लुगडी ती एकेक काढून भिंतीतल्या खुंट्यांवर टांगत होती. पुन्हा पुन्हा हात फिरवून घड्या मोडत होती. ट्रंक रिकामी झाली तेव्हा तिने ती कोपऱ्यात उभी केली आणि मला म्हणाली, "घे वं, तुह्या भावल्या ठेव इच्यात."

ती त्या घरात म्हातारी झाली. आईच्या आधी गेली, बाबांच्या नंतर. आता तिथे माझा धाकटा भाऊ राहतो. त्या मागच्या खोलीला नवी फरशी बसली आहे, खुंट्या काढल्या आहेत, वीज आली आहे. परवा मी गेले तेव्हा त्याची सून आपल्या मुलाला हाक मारून सांगत होती, "आत्याच्या खोलीतून चादर आण." तिने यमूआत्याला पाहिलेलं नाही. मुलगा धावत गेला, आणि बरोबर त्याच खोलीत गेला...