नुसत्या सहीचे पैसे

लायसन्सची मुदत संपत आली होती. चाळिशी ओलांडलेल्याला ते पुढं चालू ठेवायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो. शहागंजातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडं पाटीच आहे, 'दाखल्याची फी वेगळी'. गोळी नाही, सुई नाही, नुसत्या सहीचे पैसे! कंजुषी आमच्या घरात पिढीजात, मी ती फक्त निष्ठेनं चालवतो. बाकड्यावर बसून बायकोजवळ कुरकुर केली आणि कुरकुरता कुरकुरता उघड्या दारातून दिसणारा डोळे तपासायचा तक्ता पाठ करून टाकला. परीक्षा म्हटली की घोकायचं, एवढंच शिक्षण माझ्या अंगी लागलंय.

आत डाव्या डोळ्यावर हात ठेवून सगळं वाचलं. मग बाईंनी उजवा झाकायला लावला. समोर नुसतं दुधी धुकं. तरी मी डगमगलो नाही, पाठ होतं. वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं, शेवटची ओळ तर जरा ठसक्यातच.

बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आता हात काढा."

भिंतीवर तक्ताच नव्हता. मी उजवा झाकताच तो काढून त्यांनी टेबलावर पालथा ठेवला होता.

कधीपासून दिसत नाही, त्यांनी विचारलं. मला काय ठाऊक? एक डोळा गपचूप बसला, दुसऱ्यानं त्याचंही काम ओढलं, मालकाला पत्ता नाही. आणि मागच्याच रविवारी भाचरांनी खच्चून भरलेली गाडी मी कन्नडच्या घाटातून उतरवली होती, डाव्या अंगाला दरी, तोंडात गाणं.

बाईंनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. आत्ताच जा, म्हणाल्या. मी पाकीट काढलं.

"सही केली नाही, फी कशाची?"

डॉक्टर पैसे घेतात म्हणून मी जन्मभर बोंबललो. नको म्हणणाऱ्या डॉक्टरची मात्र जन्मात पहिल्यांदाच भीती वाटली.

जिना उतरता उतरता बायकोला सगळं सांगितलं. खाली आल्यावर तिनं माझ्याकडून स्कूटीची चावी घेतली. मी मागं बसलो. गुलमंडीच्या गर्दीत हळूच उजवा डोळा मिटला. दुकानं, पाट्या, माणसं, सगळं विरघळून गेलं.

"अहो, दिसतंय ना काही?"

"नाही."

"मग धरून बसा," ती म्हणाली आणि स्कूटी आणखी हळू केली.