ईदच्या तिसऱ्या दिवसाची ओहोटी

मालिंदीच्या दक्षिणेला आमचा किनारा. ओहोटीला समुद्रातून वाळूचा एक पट्टा वर येतो. पाहुण्यांना नावेतून तिथे न्यायचं, वाटेत मासे दाखवायचे, पट्ट्यावर जेवू घालायचं आणि पाणी चढायच्या आत परत आणायचं, हे कप्तान ब्वानाहेरीचं बत्तीस वर्षांचं काम. मी पाहुण्यांना माशांची माहिती सांगतो. साहित्याच्या पदवीवर दुसरं काही मिळालं नाही.

ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते; ब्वानाहेरी चंद्राच्या तारखा मोजून पाण्याची वेळ सांगायचा. हॉटेलवाल्यांकडे छापील तक्ता होता, तरी ते त्यालाच विचारत. गावात त्याला मान होता तो एवढ्याचसाठी.

रमजानभर त्याची नाव वाळूवर उलटी पडली होती, रंगासाठी. ईदला दरवर्षीप्रमाणे गावात दोन तट पडले. त्याच्या सासऱ्याच्या मशिदीने चंद्र दुसऱ्या मशिदीच्या एक दिवस आधी जाहीर केला. घरात शांतता राहावी म्हणून ब्वानाहेरीने सासऱ्याबरोबर ईद केली. सवयीने महिनाही तिथूनच मोजायला लागला.

तिसऱ्या दिवशी सहा पाहुणे घेऊन आम्ही पट्ट्यावर उतरलो. भाजलेला मासा आणि नारळाच्या दुधातला भात वाढला.

"कप्तान, पाणी चढतंय," मी म्हणालो.

"अजून पाऊण तास आहे. जेवू दे त्यांना."

"भाताच्या पातेल्याला लागलंय."

त्याने पातेल्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बोटांवर मोजलं. मधल्या बोटावर थांबला.

"पदवीधर, तोंड बंद ठेव. खुर्च्या उचल."

पाहुणे कमरेएवढ्या पाण्यातून ताटं डोक्यावर घेऊन नावेत चढले. एका आजीबाईंना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी आभार मानले.

संध्याकाळी नावाड्यांची बैठक बसली. दोन्ही मशिदींची माणसं आली. सासरा पुढेच बसला होता. सासऱ्याच्या मशिदीचा चंद्र धरला आणि तो चुकीचा निघाला, एवढं एकच वाक्य म्हटलं असतं तर ब्वानाहेरीचा मान राहिला असता.

मुखिया लाली म्हणाला, "बोल. कुणाच्या चंद्राने मोजलंस?"

"मोजलं बरोबर. डुलकी लागली."

"उभ्याने?"

"उभ्याने."

"घोडा आहेस का रे तू?"

सगळे हसले. सासऱ्याने टोपी नीट केली.

परतताना मी विचारलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं. मग रात्री जेवायला तुझ्याकडे आलो असतो. तुला स्वयंपाक येतो?"

"नाही."

"मग."

दुसऱ्या दिवशी हॉटेलवरून फोन आला. उद्याची ओहोटी किती वाजता, ते त्यांनी मला विचारलं. ब्वानाहेरी शेजारी दोर गुंडाळत होता. मी छापील तक्त्याची आमची प्रत शोधत होतो.

"साडेअकरा," तो दोराकडे बघत म्हणाला.

मी फोनवर साडेअकरा सांगितलं. त्यांनी माझे आभार मानले. मी ते घेतले.