सात पट्टकादंब

इब्राहीमभाईंचा औरंगपुऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. आमच्या शाळेतल्या वर्गांचे फोटो सत्तावीस वर्षं त्यांनीच काढले. फोटोच्या दिवशी एखादं पोर गैरहजर असलं की ते त्याला नंतर स्टुडिओत बोलावत आणि मागच्या रांगेत असं बेमालूम उभं करत की त्याच्या आईलाही शंका येऊ नये. वर्गशिक्षिका म्हणून मीच त्यांना तसं कितीदा सांगितलेलं आहे. लग्नाच्या फोटोतही, दुबईला राहिलेला भाऊ त्यांनी नवरदेवाशेजारी आणून ठेवला आहे. यात कुणाला फसवलं असं त्यांना वाटलं नाही आणि आम्हालाही नाही. सगळे हजर दिसावेत, एवढंच.

साठी उलटल्यावर त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. हिवाळ्यात दर रविवारी पहाटे स्कूटरवरून नाथसागर गाठायचा. पाठीवर कॅमेरा, पिशवीत बायकोने, रईसाभाभींनी, दिलेला डबा, गुडघ्याला पट्टा. काठावर पालथं पडून बदकांची वाट बघताना, "जरा इकडं बघा," असं ते सवयीने त्यांनाही सांगत.

पाणपक्ष्यांची गणती करणाऱ्या गटाची वही मंजुषाकडे असते. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता महाविद्यालयात शिकवते. तिनेच इब्राहीमभाईंना गटात घेतलं, कारण त्यांच्या फोटोवरून मोठा थवा मोजणं सोपं जाई.

यंदा पट्टकादंब दिसलेच नव्हते. राखी रंगाचा हा हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येतो. जानेवारीत इब्राहीमभाईंनी गटावर फोटो टाकला : मधोमध चक्रवाकांचा थवा आणि डाव्या कडेला सात पट्टकादंब. सगळ्यांनी वाहवा केली. मंजुषाने वहीत सात लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी बघायला गेली. दिसले नाहीत. चार दिवसांनी पुन्हा गेली.

"मीच उशिरा पोचतेय, बाई," ती मला म्हणाली.

मी ते हंस ओळखले होते. इब्राहीमभाईंनी दिलेला मागच्या वर्षीचा एक फोटो माझ्या बैठकीत लावलेला आहे. त्यातही सातच, आणि शेवटच्याने चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. तरी मी गप्प राहिले. माणूस आवडता होता, म्हणून. त्याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या खेपेला मंजुषाने आम्हा दोघांना गाडीत घेतलं. वाटभर इब्राहीमभाई खिडकीबाहेर बघत होते. काठावर पोचल्यावर तिने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि विचारलं, "चाचा, नेमके कुठं होते?"

त्यांनी हात उचलला, पलीकडच्या गवताकडे नेला आणि खाली घेतला.

"नव्हते, बेटा. पिछले साल के हैं. मीच आणून बसवले."

तिला काही कळेना. मग त्यांनी खाली बघत सांगितलं. फोटोची डावी बाजू रिकामी दिसत होती, हात सवयीने चालला. तिने आकडा वहीत घेतला हे कळल्यावर मात्र जीभ उचलेना. ती दुसऱ्यांदा जाऊन आली, त्या संध्याकाळी ते तिच्या फाटकापाशी येऊन परत गेले होते.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, "तीन वर्षांचे आकडे तुमच्या फोटोंवरून घेतलेत, चाचा. त्यातले खरे कुठले?"

हा प्रश्न त्यांच्या मनातही आला नसावा. ते तिथंच एका दगडावर बसले.

त्याच दुपारी ते सगळे मूळ फोटो घेऊन मंजुषाकडे आले. मलाही बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई समोर असल्या की माझ्याच्यानं लपवणं होणार नाही." तेव्हा मला सांगावंच लागलं, की मला आधीपासून ठाऊक होतं. मंजुषाने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि वही उघडली.

एकेक फोटो पडद्यावर येऊ लागला. "हा खरा," ते म्हणत. "हापण." मग थांबून, "इथं तीन थापट्या बदकं माझी." ती खोडत गेली. साताच्या आकड्याखेरीज आणखी पाच ठिकाणी रेघ पडली. सगळं संपलं असं वाटलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मागच्या फेब्रुवारीच्या फोटोत आभाळ पण माझंच आहे. त्या दिवशी धुकं होतं."

"आभाळ आम्ही मोजत नाही, चाचा."

तिच्या ओठांवर किंचित हसू आलं होतं, पण त्यांनी मान वर केली नाही. प्रत्येक खोडलेल्या आकड्याशेजारी सही हवी म्हणून तिने वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी सहाही ठिकाणी पूर्ण नाव लिहिलं, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले, आणि तिथून, आमच्याकडे न बघता, रविवारी किती वाजता निघायचं ते विचारलं.